उघड्या गाडीतला आवाज

उघड्या गाडीत गाणं ऐकू येत नसतं, हे मला पहिल्यांदा सांगितलं ते आमच्या दोड्डप्पांनी. दोड्डप्पा म्हणजे माझे थोरले काका. घरात आम्ही अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचो, त्यामुळे वडील अप्पा, आई अव्वा आणि थोरले काका दोड्डप्पा. त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी मान हलवायची, ही सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराची रीत. "वारं आवाज घेऊन जातं. त्याला कोण काय करणार?" एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला. माझ्यासाठी तो तिथंच सुरू झाला. 'होत नाही' हे शब्द कानावर पडले की माझ्या अंगात काहीतरी संचारायचं. अजूनही संचारतं. परवा डॉक्टर म्हणाला, आजी, या वयात जिने चढणं तुमच्यानं होत नाही. मी त्याच्यासमोर जिना चढून दाखवला, आणि वर पोचल्यावर दम लागला होता ते त्याला कळू दिलं नाही.

गाडी दोड्डप्पांची होती. गिरणीतला कुणी मोठा साहेब सोलापूर सोडून निघाला तेव्हा त्यांनी ती घेतली. हिरवी, लांबलचक, कापडी टपाची. टप मागं घडी करून ठेवला की गाडी उघडी. दोड्डप्पांचं भुसार मालाचं दुकान होतं, त्यांना अशा गाडीचा उपयोग शून्य. पण ती दारात उभी राहिली की त्यांची छाती दोन बोटं वर यायची. चालवायला दस्तगीरचाचा. लग्नसराई आली की पेठापेठांतून मागणी यायची, कारण उघड्या गाडीतून वरात निघाली म्हणजे नवरा-नवरी सगळ्या गल्लीला दिसणार. आमच्या अप्पांचं रेडिओ दुरुस्तीचं आणि लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान, म्हणून गाडीला आवाज बसवायचं काम त्यांच्याकडं आलं. त्यांनी पुढं दोन कर्णे बांधले, मागच्या सीटच्या पाठीशी, टपाच्या घडीजवळ, दोन स्पीकर तोंड आभाळाकडं करून ठेवले आणि डॅशबोर्डाखाली कॅसेट लावायचा टेप बसवला. तेव्हा कॅसेट नवीन होती. लोक ती हातात घेऊन उलटीसुलटी करून बघायचे.

आणि आवाज? अहो, काय सांगू! कर्ण्यातून सनई सुरू झाली की गल्लीतली कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत जायची. सुराचा खालचा भाग गायब, वरचा तेवढा किंचाळणारा, आणि त्याच्या मागं सतत खर्र खर्र. इंजिनाचा वेग वाढला की आत एक कुईऽ वाजायची ती वेगळीच. गाडीत बसलेल्या नवरा-नवरीला तर सनई की भांडण, हेही कळत नसे. पण तक्रार कुणाचीच नव्हती. आवाज चांगला म्हणजे तीन गल्ल्या पलीकडं गेला पाहिजे, एवढीच सगळ्यांची समज. गाडीत बसलेल्यांना काय ऐकू येतं हा प्रश्न सोलापुरात कुणाला पडलाच नव्हता, आणि नवरीला काय ऐकू येतं हा तर मुळीच नाही. तिनं खाली मान घालून बसायचं होतं. मानेला कुठं कान असतात?

मी मॅट्रिक होऊन दुकानात बसायला लागले होते. बसायला लागले म्हणजे आधी अप्पांचा डबा द्यायला जायची, मग थोडा वेळ थांबायची, मग दिवसभर. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की अव्वा चूल पेटवायची आणि भाकऱ्या थापण्याचा थप्प थप्प आवाज सुरू व्हायचा. आमच्याकडं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही एवढं असलं की कुणी आणखी काही मागत नसे. मी त्यातलंच फडक्यात बांधून घ्यायची आणि पळायची. सोल्डरिंगचा धूर, तापलेल्या व्हॉल्व्हचा वास, आणि मेलेला रेडिओ एकाएकी खाकरून बोलायला लागतो ती घडी. त्या घडीसाठी मी जन्मभर उपाशी राहिले असते. अप्पांना माझं येणं आवडायचं, पण तसं ते म्हणायचे नाहीत. अप्पा काहीच म्हणायचे नाहीत. थोरल्या भावापुढं, त्यांच्या अण्णापुढं, तर त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

त्या वर्षी दोड्डप्पांच्या मुलीचं, माझ्या शारदक्काचं लग्न ठरलं आणि जेवताना दोड्डप्पांनी माझाही निकाल लावून टाकला. "शारदीचं लग्न झालं की रत्नीनं दुकानात जायचं नाही. लोक विचारतात, तुमची पोरगी रेडिओ दुरुस्त करती व्हय म्हणून. तिचंही स्थळ बघायचंय." अव्वा वाढता वाढता थांबली. अप्पा ताटातल्या चटणीकडं बघत राहिले. मी म्हणाले, "करती म्हणून सांगा की. चोरी करती म्हणून तर नाही ना विचारत?" दोड्डप्पा ओरडले, "सुम्निर! गप्प बस!" मी गप्प बसले, पण जेवणही तिथंच सोडलं. शारदक्कानं माझं ताट मागल्या दारी आणून दिलं, आणि ती एकच वाक्य बोलली. म्हणाली, "रत्ने, माझ्या वरातीत मला ते गाढवासारखं ओरडणं नको गं. मला खरंच सनई ऐकायचीय."

झालं. मला तेवढंच पाहिजे होतं. दोड्डप्पांकडं जाऊन मी म्हणाले, शारदक्काच्या वरातीसाठी गाडीचा आवाज मी सुधारते. ते हसले. "उघड्या गाडीत? कर बाई. लग्नानंतर भांडीच घासायचीत, तोवर खेळून घे." हे 'खेळून घे' मला असं झोंबलं की सांगता सोय नाही.

पहिलं म्हणजे कर्णे सोडून खाली ठेवले. मग मागचे स्पीकर उचलून पुढच्या सीटच्या पाठीला, मागं बसणाऱ्याच्या छातीसमोर आणले. आवाज वारं नेतं, हे खरंच आहे. पण वाऱ्याला न्यायला वेळच दिला नाही तर? स्पीकर आणि कान यांच्यात हातभर अंतर ठेवलं तर? अप्पा दुकानाच्या पायरीवर उभे राहून बघत होते, त्यांनी न बोलता मला प्लायवूडचे तुकडे आणून दिले. त्यांच्या पेट्या केल्या, कारण उघडा स्पीकर पुढं जितका बोलतो तितकाच मागं बोलतो आणि दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. इंजिनाची कुई घालवायला डायनमोवर कंडेन्सर बसवला आणि टेपची वायर सरळ बॅटरीपासून वेगळी ओढली. दस्तगीरचाचा म्हणाले, "बेटी, गाडी तेरी है ऐसा समझ, मगर गियरकू हात नक्को लगा." तेवढी अट मी पाळली.

राहिला पत्र्याचा थरथराट. सनईचा खालचा सूर लागला की दारं बोलायला लागायची. आत काहीतरी जड, मऊ भरायला हवं होतं. चादरीचे तुकडे भरून पाहिले, सोलापुरात त्यांना काय तोटा. पण ते आत सरकून खाली गोळा व्हायचे. मग अव्वाच म्हणाली, "घोंगडं घाल की. ते बसलं की हलत नाही." कुंभारी गावची गोजराबाई आमच्याकडं तूप घालायची, तिच्या घरी मेंढरं होती. मी, शारदक्का आणि चाचा गाडी घेऊन भरदुपारी कुंभारीला गेलो. गोजराबाईनं जुनी फाटकी घोंगडी बाहेर काढली आणि गाडीभोवती एक चक्कर मारली.

"कशाला पायजेत?"

"गाडीच्या दारात भरायचीत."

"गाडीला थंडी वाजती व्हय?" असं म्हणून ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. "न्या, न्या. पर लई धुऊ नगा. हितनं जाऊन धुतलंसा तर आटत्यात."

दारांच्या आतले पुठ्ठे काढून मी घोंगडी कापून चिकटवली, पेट्यांच्या आतही लावली. दोड्डव्वा, म्हणजे थोरली काकू, मधेच एकदा येऊन कुजबुजली, की तुझे ते दिवस चालू आहेत, लग्नाच्या गाडीला शिवू नको. आम्ही लिंगायत. मी गळ्यातला शिवदोरा ओढून इष्टलिंग बाहेर काढून दाखवलं. म्हटलं, "हे गळ्यात असलं की विटाळ लागत नाही, असं मठातले स्वामी सांगतात तेव्हा तुम्ही सगळ्यात पुढं बसून मान हलवता की. मग ते खरं की खोटं?" बिचारी परत गेली. वाईट वाटलं मला, पण शब्द मागं घ्यावासा वाटला नाही. आजही वाटत नाही.

आता तरी वाजेल म्हणून कॅसेट लावली. कुई गेली होती. दारं मुकी झाली होती. सनई अंगावर आली, अगदी समोर कुणी बसून वाजवल्यासारखी, आणि तिच्या मागून ती जुनी खर्र खर्रही आली. जशीच्या तशी! सगळे म्हणायचे बॅटरी उतरलीय. मी नवी चार्ज केलेली बॅटरी लावली, तरी खर्र. ऐन लग्न तोंडावर आलेलं. मी वैतागून दोन्ही स्पीकर सोडवले आणि टेबलावर उजेडात उताणे ठेवले.

स्पीकरच्या काळ्या कागदावर, जो थरथरून आवाज काढतो त्यावर, पांढरे तीन पट्टे होते. रोज दिसायचे, म्हणून कधी नीट बघितलेच नव्हते. नुसते पट्टे नव्हेत, थरावर थर, खपली धरलेले. आमच्याकडं दर अमावस्येला दुकानाची, गाडीची पूजा. दोड्डप्पा ओल्या विभूतीची तीन बोटं चाकाला ओढायचे, बॉनेटला ओढायचे आणि गाडीत जे जे काम करतं त्या सगळ्याला ओढायचे. आवाज स्पीकर करतो, म्हणून स्पीकरच्या कागदालाही, वर कुंकवाचा टिळा. कागद ओला होऊन आकसायचा. विभूती वाळली की तिचा भुगा मधल्या फटीत उतरायचा, आणि कागदाला मागून चिकटलेलं तारेचं वेटोळं तिथं आत-बाहेर होताना भुग्यावर घासायचं. वर उघड्या गाडीत वरातीला टाकलेल्या अक्षता. एक तांदळाचा दाणा मी चिमट्यानं बाहेर काढला, हळदीसकट. इतकी वर्षं आमच्या गाडीत देवाचं नाव घेऊन आम्हीच आवाज फाडत होतो!

मी अप्पांना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं आणि जराही चकित झाले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"अप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

"कागद बदलत असतो मी अधूनमधून," ते म्हणाले. "एकदा वरून कापड लावून बघितलं. अण्णानं कापड वर करून आत विभूती लावली. म्हणाला, देवाला पडद्याआडून लावतात काय."

"मग सांगायचं नाही का त्यांना?"

"अण्णाला कोण सांगणार?"

"मी सांगते."

"रत्ना, लग्नघर आहे. लग्न होऊ दे." त्यांच्या आवाजात विनवणी होती, आणि मला त्यांचा राग आला, दोड्डप्पांपेक्षा जास्त आला. ज्या माणसाला आजारी रेडिओचा कुठला भाग दुखतो हे नुसतं कान लावून कळायचं, तो माणूस सख्ख्या भावाला एक वाक्य सांगू शकत नव्हता. मी गप्प बसून दोन्ही स्पीकरना नवे कागद लावले. लग्नापर्यंत गप्प बसले हे खरं, पण मी भ्याले म्हणून नाही. मला हे दहा माणसांसमोरच बोलायचं होतं. एकट्यात बोलले असते तर त्यांनी 'सुम्निर' म्हणून मिटवून टाकलं असतं.

लग्न दुपारी लागलं. हुग्गीच्या पंगती उठल्या. गव्हाची ती खीर मला एरवी जीव की प्राण, पण त्या दिवशी ती पानात तशीच टाकून मी गाडीकडं गेले. उन्हं कलती झाल्यावर गाडी झेंडूच्या माळा घालून मंडपाच्या दारात आली. शारदक्का आणि तिचा नवरा मागं बसले. मी पहिल्यांदाच नऊवारी नेसले होते आणि हातात पक्कड होती, शेवटची वायर घट्ट करायला. दोड्डप्पा पूजेचं ताट घेऊन आले. चाकाखाली लिंबं, बॉनेटवर नारळ, स्टिअरिंगला कुंकू. मग तीन बोटं ओल्या विभूतीत बुडवून ते दार उघडून आत वाकले.

मी मधे हात घातला. "कागदाला नाही लावायचं, दोड्डप्पा."

"काय?"

"बाकी सगळीकडं लावा. स्पीकरच्या कागदाला नको. ओली विभूती लागली की तो आकसतो, वाळली की भुगा आत जातो आणि आवाज फाटतो. बॅटरी कधीच उतरली नव्हती. आपणच फाडत होतो."

मंडपातली माणसं गाडीभोवती गोळा झाली. दोड्डप्पांचा चेहरा उतरला नाही, चढला. "म्हणजे देवाच्या विभूतीनं गाडी बिघडली म्हणतीस? माझ्या दारात? व्याह्यांसमोर?"

"विभूतीनं नाही. पाण्यानं आणि भुग्यानं."

"बाजूला सरक."

"नाही."

"पूजा झाल्याशिवाय गाडी हलणार नाही."

"मग नका हलवू," मी म्हणाले, आणि गाडीत चढून, शारदक्काच्या पायाशी, दोन्ही स्पीकरना पाठ लावून खालीच बसले. "ब्याड अंद्र ब्याड! नको म्हणजे नको!" ही त्यांचीच भाषा, त्यांच्याच तोंडची. आवाज ठणठणीत निघाला. अव्वा गर्दीतून हातवारे करून उतर, उतर म्हणत होती. दोड्डप्पा अप्पांकडं वळले. "काय रे, ही काय बोलतीय? हे खरं आहे?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता हे पुन्हा चटणीकडं बघितल्यासारखं खाली बघणार. ते म्हणाले, "खरं आहे, अण्णा." तेवढंच म्हणाले, आणि उपरण्यानं तोंड पुसलं.

दोड्डप्पांच्या बोटांवरची विभूती वाळायला लागली होती. मी म्हणाले, "जे काम करतं त्याला लावायची ना? हे काम मी केलंय. मला लावा." गर्दीत कुणीतरी हसलं. शारदक्कानं, मान खाली घालून बसायच्या त्या नवरीनं, मान वर केली आणि आपल्या वडलांना म्हणाली, "लावा अप्पा तिला. उशीर होतोय." दोड्डप्पांनी बोटं पुन्हा ओली केली आणि माझ्या कपाळावर तीन पट्टे असे खसकन ओढले की कातडी चुरचुरली. आशीर्वाद वगैरे काही नव्हता त्यात, निव्वळ संताप होता. पण कागद कोरे राहिले.

वरात निघाली. सनई सुरू झाली ती गाडीतच राहिली, गाडीतल्यांसाठी. मी पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवून बाजूनं चालत होते. खर्र नाही, कुई नाही. खालचा सूर सीटच्या पाठीतून अंगात शिरत होता. शारदक्कानं डोळे मिटले होते आणि तिचा नवरा तिच्याकडं झुकून हळू आवाजात काहीतरी बोलत होता. आमच्या गाडीतल्या वरातीत नवरा नवरीशी न ओरडता बोलतोय, हे मी पहिल्यांदाच बघत होते. नवऱ्याचे मामा मागून धापा टाकत आले. "अहो, आवाज कुठाय? कर्णा कुठाय? पेठेला कळायला नको?" दोड्डप्पा पुढच्या सीटवर ताठ बसले होते. ते मागं न वळता म्हणाले, "ज्यांचं लग्न आहे त्यांना ऐकू येतंय." मला वाटलं, मी जिंकले! केवढी खुळी. माहेरचा माणूस सासरच्या माणसासमोर मागं हटत नाही, एवढंच होतं ते. वरात पोचवून घरी आल्यावर दोड्डप्पा अंगणात पाय धुता धुता, माझ्याकडं न बघता, अव्वाला म्हणाले, "उद्यापासून हिनं दुकानात जायचं नाही. ठरलंय ते ठरलंय."

हल्ली नातू मला त्याच्या गाडीतून फिरवतो. काचा बंद, आत गारवा, चहूकडून गाणं. "आजी, कसा आवाज आहे?" विचारतो. चांगला आहे, म्हणते मी. जुळे सोलापूर या नव्या वस्तीतले रस्तेही गुळगुळीत. बंद डब्यात चांगला आवाज कुणीही करील रे बाळा. माझ्या डाव्या कानाला आता कमी ऐकू येतं, म्हणून लोक माझ्याशी ओरडून बोलतात आणि मला भयंकर राग येतो. मोठ्यानं नको, स्पष्ट बोला, हे मी आता घरच्यांना सांगते, तेव्हा पेठेला सांगत होते.

शारदक्काच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. मी भाकरी-चटणी फडक्यात बांधली आणि निघाले. अव्वानं अडवलं नाही, दाराशी उभी राहून बघत राहिली. दुकानात पोचले तर माझ्या स्टुलावर दोड्डप्पा बसलेले. स्वतःचं भुसाराचं दुकान सोडून! अप्पा कोपऱ्यात, हातात एका रेडिओचं झाकण धरून उभे.

"कुणी बोलावलं?" दोड्डप्पांनी विचारलं.

"कुणी नाही."

"स्थळवाल्यांना काय सांगू मी?"

"सांगा, पोरगी दुकानात बसते."

"कोण करील अशीला?"

"नाही केली तर राहिली."

ते स्टुलावर आणखी पक्के बसले. मी वाद घातला नाही. कोपऱ्यातलं मोडक्या रेडिओचं खोकं ओढलं, टेबलाशी त्यांच्याशेजारी मांडलं आणि त्यावर बसले. अप्पांच्या हातातून झाकण घेतलं. सोल्डरिंग तापलं. पहिला धूर सरळ दोड्डप्पांच्या नाकात गेला, ते खोकले, पण हलले नाहीत. मीही हलले नाही. गिऱ्हाइकं येत होती, आम्हा दोघांना असं खेटून बसलेलं बघून बिचकत होती, आपला रेडिओ अप्पांकडं देऊन जात होती. अप्पा तो न बोलता माझ्यापुढं ठेवत होते. दुपारी घरून जेवायची हाक आली. दोड्डप्पा थोडा वेळ तसेच बसले, मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

मी नाही उठले.